शब्दाला कोण जागतो?

वाशीम येथे १९३९ साली एक ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी तो दिला होता. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. राजवंशाची ओळख संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दिल्याची ही नोंद. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यातली वंशावळ मोलाची वाटली, आणि ते स्वाभाविकच होते, कारण तिच्यामुळे वाकाटकांच्या या शाखेचा पक्का पुरावा हाती आला. पण धर्म आणि कायदा यांचा विचार करणाऱ्याने वाकाटकांच्या दानपत्रांतला दुसरा एक भाग थांबून वाचावा. गाव दिले, एवढे सांगून ही दानपत्रे संपत नाहीत. या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. राजाची माणसे दूध, फुले, चारा, बसायला कातडे, जाळायला कोळसा मागणार नाहीत. मिठाच्या खाणीवर हक्क सांगणार नाहीत. वेठ घेणार नाहीत. एकामागून एक नकार. दानपत्र म्हटले की आपल्याला देणारा हात दिसतो, पण तांब्यावर कोरलेला मजकूर वाचला की दिसतो तो आवरून धरलेला हात. ज्याच्याकडे शिपाई आहेत, तोच शिपाई पाठवणार नाही असे लिहून देतो, आणि तेही अशा धातूवर, की पुढच्या राजाला ते सहज पुसता येऊ नये.

वऱ्हाडातच, आजच्या अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट याहून एक पाऊल पुढे जातो. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या या राजाने १८ व्या राज्यवर्षी चर्मांक गावची ८,००० भूमी जमीन १,००० ब्राह्मणांना दिली. मात्र अट घातली. राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विषप्रयोग अशी पापे करू नयेत, शस्त्र उचलू नये, शेजारच्या गावांना उपद्रव देऊ नये. हे पाळले तर चंद्रसूर्य असेपर्यंत जमीन त्यांची. यातले काही त्यांनी केले किंवा त्याला संमती दिली, तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचे पाप लागणार नाही. शेवटचे वाक्य फार बोलके आहे. अटी मोडल्याशिवाय राजाने जमीन परत घेतली तर ती चोरी ठरेल, अशी कबुली त्यात दडलेली आहे. राजा चोर ठरू शकतो, हे राजाच्याच नावाने तांब्यावर कोरले गेले.

धर्मातला करार, कायद्यातला करार आणि रोजच्या व्यवहारातली बोली यांना जोडणारा धागा मला इथे सापडतो. दोघांनी काहीतरी कबूल केले म्हणजे करार झाला, असे आपण समजतो. तेवढ्याने फार तर सौदा होतो. बाजारात कापूस दिला, पैसे घेतले, दोघे आपापल्या वाटेने गेले. सौदा पुरा झाला आणि संपलाही. कराराचे आयुष्य मात्र देणेघेणे झाल्यावर सुरू होते, आणि त्याची कसोटी दुबळ्या बाजूने शब्द पाळला की नाही ही नसते. दुबळा पाळतोच, न पाळण्याची त्याची ऐपत नसते. ज्याला शब्द मोडणे परवडते, तो स्वतःला बांधून घेतो का, आणि त्याने शब्द मोडलाच तर समोरच्याला ‘तुम्ही ठरल्याप्रमाणे वागला नाहीत’ असे म्हणायला जागा उरते का, या दोन प्रश्नांवर कराराचे करारपण ठरते. मराठीत आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द खाली पडू देत नाही. पण या सगळ्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो ‘शब्दाला जागणे’ हा प्रयोग. पाळणे एकदा करून मोकळे होता येते, जागावे मात्र रोज लागते.

आपल्या भाषेत या कल्पनेला किती वाटांनी शब्द आले आहेत, तेही पाहण्याजोगे आहे. ‘करार’ अरबीतून फारसीमार्गे आला. स्थिर होणे, ठरणे हा त्याचा मूळ भाव. मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या धर्मग्रंथाच्या दोन भागांना ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हटले, म्हणजे जमीनमहसुलाच्या दप्तरातला शब्द थेट देवाच्या तोंडी गेला. कायद्याच्या मराठीत १८७२ च्या अधिनियमाला ‘भारतीय संविदा अधिनियम’ म्हणतात. ही ‘संविदा’ स्मृतिग्रंथांतल्या ‘संविद्’ची लेक आहे. पण तिथे संविद् म्हणजे दोन माणसांमधला व्यवहार नव्हे; गावाने, श्रेणीने, संघाने मिळून केलेला ठराव. असा ठराव लोभापायी मोडणाऱ्याला राज्याबाहेर घालवावे असे मनुस्मृती सांगते, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत ‘संविद्व्यतिक्रम’ हे वादाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. एकट्याच्या देणेघेण्याहून सर्वांनी मिळून दिलेला शब्द मोडणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, ही जाण त्यामागे आहे. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र समूहाकडून दोन व्यक्तींकडे सरकला. वाटेत काही हरवले, असे मला वाटते.

आता देवाकडे वळू, कारण सगळ्यांत असमान करार तिथेच होतो. बायबलमधल्या उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो. जनावरे मधोमध चिरून समोरासमोर मांडली जातात. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असे म्हणत त्या तुकड्यांमधून चालण्याची रीत त्या काळच्या करारांत होती. कथेत मात्र अब्राहाम गाढ झोपेत आहे, आणि तुकड्यांमधून जाते ती धुराची भट्टी आणि पेटती मशाल; म्हणजे देव. शब्द मोडल्याचा शाप बलवान बाजू स्वतःवर ओढवून घेते. पुढे तीनच अध्यायांनी, सदोम नगर नष्ट करायला निघालेल्या देवापुढे हाच अब्राहाम उभा राहून घासाघीस करतो: ५० नीतिमान असले तर, ४५ असले तर, शेवटी १० असले तर? साऱ्या जगाचा न्यायाधीश अन्याय कसा करील, हा त्याचा प्रश्न आहे. बांधून घेतलेल्या देवालाच असा प्रश्न विचारता येतो.

आपल्याकडे ‘देवाशी करार’ असा शब्दप्रयोग रुळला नाही, म्हणून ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती असे काही अभ्यासक मानतात. ते मला पटत नाही. वारकरी परंपरेने तिला वेगळे नाव दिले: ब्रीद. मूळ संस्कृत बिरुद. राजाने किंवा वीराने मिरवायची पदवी. ब्रीदाचा तोडर पायात घालून चालणारा वीर जणू जाहीर सांगत असे, की मी अमुक आहे, कोणीही येऊन पारख करावी. संतांनी ही दरबारी वस्तू उचलली आणि विठ्ठलाच्या पायात घातली. पतितपावन हे तुझे ब्रीद, दीनानाथ हे तुझे ब्रीद. आता त्याला जाग, नाहीतर ते उतरवून ठेव, असे नामदेव, जनाबाई, तुकाराम देवाला ऐकवत राहिले. हे भांडण लाडिक असले तरी लटके नाही. देवाने आपले नाव जगात लावून ठेवले आहे आणि त्या नावाच्या जोरावर त्याला जाब विचारता येतो, ही त्यामागची भूमिका आहे. जातीने खाली लोटलेल्या चोखोबांना पंढरीच्या देवळात जागा नव्हती, पण देवाच्या ब्रीदावर हक्क सांगता येत होता. कराराच्या कल्पनेचे याहून बळकट रूप जगाच्या धर्मवाङ्मयात फार ठिकाणी असेल असे मला वाटत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाने या विचाराला एक कथाही दिली आहे. ‘गुरुचरित्रा’नुसार कुरवपूरच्या अंबा नावाच्या दुःखी स्त्रीने दत्तात्रेयांचे अवतार मानलेल्या श्रीपाद श्रीवल्लभांजवळ मागणे मागितले, की पुढच्या जन्मी तुमच्यासारखा पुत्र व्हावा. आपल्यासारखा दुसरा कोणी नाही, म्हणून स्वतःच तिच्या पोटी यायचे असे त्यांनी ठरवले. ती कारंजात जन्मली, माधव नावाच्या ब्राह्मणाची पत्नी झाली, आणि तिला झालेला मुलगा पुढे नृसिंह सरस्वती म्हणून ओळखला गेला. इथवर ही वरदानाची नेहमीची गोष्ट आहे. खरी गाठ पुढे बसते. मुंजीपर्यंत ओंकाराखेरीज काही न बोललेला नरहरी मुंज होताच वेद म्हणू लागतो आणि संन्यासाला निघतो. आई अडवते. तो तिला मागच्या जन्माची आठवण देतो, आणखी मुले होतील असे सांगतो. आईचे एवढ्याने समाधान होत नाही. ती मुले डोळ्यांनी पाहीपर्यंत थांब म्हणते. आणि तो थांबतो. वर्षभराने जुळी भावंडे होतात, ती तीन महिन्यांची होतात, मग तो काशीची वाट धरतो, आणि जातानाही ३० वर्षांनी परत येऊन भेटेन असा शब्द देऊन जातो. संन्यास म्हणजे सगळी नाती आणि सगळी देणी संपवणारा विधी. त्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला अवतारी पुरुष एका बाईच्या सांगण्यावरून वर्षभर थबकतो, कारण शब्द त्याने दिला होता आणि तो पुरा झाला की नाही हे ठरवायचा हक्क तिचा होता. कारंजाच्या गुरुमंदिरात लोक पादुकांचे दर्शन घेतात. या थांबण्याचीही आठवण तिथे ठेवावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोकांचा देवाशी असलेला व्यवहार इतका उदात्त नसतो. तो नवस असतो. मुलगा होऊ दे, मग बोकड देईन. पीक येऊ दे, मग पेढे वाटीन. हा सौदाच झाला. आक्षेपात तथ्य आहे, आणि संतांनीही नवसावर कठोर टीका केली आहे. तरी नवसाचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. नवस बोलताना माणूस दुबळा असतो. फेडताना मात्र त्याचे काम झालेले असते, देव काही मागायला येत नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. त्या घटकेला तोच बलवान असतो, शब्द मोडणे त्यालाच परवडणारे असते. तरीही लोक उन्हातान्हात पायी जाऊन नवस फेडतात. बोलणे सौद्याचे असेल, पण फेडणे शब्दाला जागणेच आहे. अर्थात फेडण्यात मुक्या जनावराचा बळी पडत असेल, तर ज्याला विचारलेच नाही त्याच्या जिवावर आपण शब्द पाळतो आहोत. हा दोष मोठा आहे, आणि तो नवसापुरता थांबत नाही.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीत, हाच प्रश्न कथेच्या रूपाने उभा आहे. परंपरा सांगते, की भीमा नायक आणि धर्मणी यांना जगदंबेने पुत्र दिला तो तिच्या सेवेला द्यावा या अटीवर. पण १७३९ साली जन्मलेल्या सेवालालांनी मोठे झाल्यावर देवीचे भगतपण सहज स्वीकारले नाही. आईबापांनी दिलेल्या शब्दाने मी का बांधला जावा? देवीने संकटे आणली, तांडा होरपळला, आणि अखेर ते तयार झाले, अशी कथा आहे. भाविक तिचा शेवट देवीच्या सामर्थ्याने करतात. मला त्यातला मधला नकार मोलाचा वाटतो. तो नसता तर पुढची सेवा गुलामी ठरली असती. एकदा नाही म्हणून मग हो म्हटल्याने ती त्यांची स्वतःची झाली. नायक, कारभारी आणि नसाब ही न्यायसभा यांच्या आधारे शतकानुशतके तोंडी बोलीवर कारभार चालवणाऱ्या समाजाने आपल्या सर्वांत मोठ्या संताच्या कथेत हा नकार जपून ठेवला, यात मला त्यांची न्यायबुद्धी दिसते.

ज्यांना विचारले नाही त्यांच्या वतीने केलेला करार वऱ्हाडाने तर शतकभर भोगला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे कर्ज थकले म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात दिला. त्यात वाशीमही गेले. १८६० मध्ये तहाची फेरजुळणी झाली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात निजामाकडून वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला, आणि पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर स्वतंत्र असलेला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला; तो पुन्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. लाखो माणसे, त्यांची काळी जमीन, त्यांचा कापूस, सगळे भाडेपट्ट्याने दिले-घेतले गेले आणि त्या माणसांचा अंगठा कुठेच नव्हता. निजामाने पुढे वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने उत्तर दिले, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा हक्क नाही. कागदावर तह शाबूत होते. पण बलवानाने ‘या कागदाचा अर्थ मीच लावणार’ म्हटल्यावर त्यांचा प्राण गेला. वऱ्हाडच्या लोकांशी जसे निजाम वागला होता, तसेच निजामाशी इंग्रज वागले.

या पार्श्वभूमीवर २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार वाचला, की त्याचे वजन कळते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी एका राज्यात येण्याआधी लिहून घेतले: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. बलवान होणार असलेल्या बाजूने आधीच स्वतःला बांधून घ्यावे, हा त्याचा गाभा. त्यातल्या आश्वासनाला १९५६ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) ची जोड मिळाली. पण त्या अनुच्छेदाखालची विकास मंडळे व्हायला १९९४ उजाडावे लागले. त्याआधी दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा मोजला आणि त्यातला सर्वांत मोठा भाग विदर्भाचा निघाला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. हा करार न्यायालयात बजावता येत नाही, तो पुढाऱ्यांचा आपसातला शब्द होता, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. पण शब्द न्यायालयात नेता येत नाही म्हणून तो शब्द नव्हताच, हे म्हणणे वेगळे, आणि ते मला मान्य नाही. ‘अनुशेष’ हा शब्दच पाहा. त्याचा अर्थ राहिलेले देणे. भीक मागणारा अनुशेष मोजत नाही. तो मोजतो ज्याला शब्द दिलेला असतो. वाशीमचा शेतकरी सिंचनाबद्दल बोलताना अनुशेष म्हणतो, तेव्हा तो १९५३ चा करार जिवंत आहे असे गृहीत धरून बोलत असतो.

व्यवहारी माणूस म्हणेल, या शब्दांच्या गोष्टी पुरे. कायदा पक्का असला की झाले. कायद्याचे मोल कमी लेखण्याचा माझा विचार नाही, आणि त्याचाही दाखला कारंजातच आहे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंजाचा कापूसबाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा त्यानंतरचा. गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हे त्यामागचे कारण. शेतकऱ्याचा कळवळा दुय्यम. तरी परिणाम मोठा होता. धोतराखाली किंवा रुमालाखाली दलाल आणि खरेदीदार बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे, अशी पद्धत देशभरच्या बाजारांत होती. बाजार समिती, परवानाधारक दलाल आणि मापारी, तपासलेली वजने यांनी हळूहळू तो हात रुमालाबाहेर आणला. कायदा हे करू शकतो: व्यवहार उघड्यावर आणू शकतो. संविदा अधिनियमाचे कलम १६ तर याहून पुढचे आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर दाब आणू शकेल अशा जागी असेल आणि व्यवहार उघड अन्यायाचा दिसत असेल, तर दाब आणला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या बलवान पक्षावरच पडते. धर्माने कथांतून सांगितलेली गोष्ट इथे पुराव्याच्या नियमात आली आहे. १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाही त्याच्या आश्वासनाने बांधले; रीतसर करारनामा झाला नव्हता ही सबब चालली नाही. वाकाटक राजाला फक्त नरकाची भीती होती, आजच्या सरकारला न्यायालयाचीही आहे.

पण कायदा पोहोचतो तिथवरच पोहोचतो. गुढीपाडव्याला गावोगाव सालदाराचे साल ठरते: रोकड इतकी, धान्य इतके, कपडे, चपला, सणाची सुट्टी. कागद बहुधा नसतो. कायद्याच्या नजरेत तोंडी करारही करारच आहे, पण मध्येच आजारी पडलेल्या सालदाराने त्यासाठी वाशीमच्या कोर्टाची पायरी चढायची, ही कल्पनाच करवत नाही. उचल घेतलेली असेल तर ती फिटेपर्यंत साल संपतच नाही; हीच वाट वेठबिगारीकडे जाते म्हणून १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा करावा लागला. सालदाराचे साल करार आहे की बेडी, हे रोकड किती यावरून ठरत नाही. पाडव्याच्या दिवशी ‘यंदा तुमच्याकडे राहत नाही’ असे म्हणून त्याला उठता येते का, यावरून ठरते.

हीच जागा सर्वांत कठीण आक्षेपाची आहे. शब्दाला जागण्याचे इतके गोडवे गायचे, तर पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जखडून ठेवणारे करार आपण विसरतो काय? बेदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला दिलेल्या बावन्न हक्कांची कथा महाराष्ट्रभर सांगितली गेली. कथेतला अमृतनाक निष्ठेची पराकाष्ठा करतो आणि बक्षीस स्वतःसाठी न मागता जातीसाठी मागतो. कथा उदात्त आहे, आणि हक्क होते म्हणून समाज त्यांना चिकटून राहिला. पण त्या हक्कांच्या दुसऱ्या टोकाला वतन होते: तुटपुंज्या जमिनीच्या आणि दारोदारच्या भाकरीच्या मोबदल्यात अष्टौप्रहर गावाची आणि सरकारची चाकरी, आणि घरातला एक आजारी असला तर दुसऱ्याने जायचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत स्वकीयही होते. पूर्वजांनी मिळवलेली सनद कशी सोडायची, हा त्यांचा प्रश्न होता. वतन कायद्याने गेले ते १९५८ नंतर. आंबेडकरांचा युक्तिवाद माझ्या मते कराराच्या बाजूनेच होता. ज्या व्यवहारातून उठता येत नाही, ज्यात कामाला सीमा नाही, ज्यात मालकाला जाब विचारता येत नाही आणि ज्यात जन्मालाच सही धरले जाते, तो करार कितीही जुना असला तरी करार नव्हे. तो मोडणे हा वचनभंग होत नाही, कारण वचन कोणी घेतलेच नव्हते. प्राचीनता हा कराराचा पुरावा मानण्याची आपल्याला फार सवय आहे. ताम्रपट, सनद, वहिवाट दिसली की आपण हात जोडतो. चम्मकच्या ताम्रपटातही १,००० ब्राह्मणांच्या अटी आहेत, पण ती जमीन कसणाऱ्यांना कोणी काही विचारल्याची खूण नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. बौद्ध परंपरेत त्रिशरण आणि पंचशील होतेच. त्यांवर या प्रतिज्ञांची भर त्यांनी मुद्दाम घातली. धर्मांतर सामुदायिक होते, लाखोंचे होते, वऱ्हाडच्या गावांमधून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी आली होती. एका ठरावाने सारा समाज नव्या धर्मात घालता आला असता. तसे केले नाही. प्रत्येक प्रतिज्ञा ‘मी’ने बोलायची होती, आणि ती प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारायची होती. ताम्रपटात बोलतो तो राजा. १८५३ आणि १९०२ च्या कागदांवर बोलतात निजाम आणि इंग्रज. अमृतनाकाच्या कथेत साऱ्या जातीच्या वतीने एकच माणूस बोलतो. त्या दिवशी दीक्षाभूमीवर, ज्यांचा शब्द हजारो वर्षांत कोणत्याही करारात धरला गेला नव्हता, अशी माणसे एकेक ओळ मागे म्हणत होती. त्यांत बाया होत्या, म्हातारे होते, कडेवर मुले घेतलेल्या लेकुरवाळ्या होत्या, आणि कडेवरच्या मुलांच्या वतीने कोणी काही म्हणत नव्हते.